ज्योत्स्नाताईंचा गृहपाठ

ज्योत्स्ना रामटेके पेशंटला तपासायच्या तेव्हा पेशंटला ते माहीतच नसायचं. त्यांच्या प्राक्सिसमध्ये, म्हणजे फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, शिरलं की अरुंद बोळातल्या बाकावर बसून बूट काढावे लागत, आणि त्या समोरच्या इवल्याशा किचनच्या दारात चहाचा मग धरून उभ्या असत. आपल्याला वाटे, बाई चहा पिताहेत. तोवर आपण कसे वाकलो, कुठला हात भिंतीला टेकवला, उठताना कुठे थबकलो हे सगळं त्यांनी टिपलेलं असे. नंतर आत नेऊन वाकवून-बिकवून बघणं हे बहुतेक आमच्या समाधानासाठी.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा जानेवारी होता आणि माझ्या पायात नडगीपर्यंतचे, बंदांचे बूट होते. जर्मनीतल्या येनाच्या हिवाळ्यात पाठदुखी असलेल्या बाईनं असे बूट का घालावेत, हा प्रश्न मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, निघताना विचारला होता. तोच रोज माझे बूट घालून द्यायचा. त्या दिवशी तो सोबत नव्हता. मी भिंत धरून, दात आवळून बंद सोडत होते, आणि कानावर आलं,

"श्वास काहून रोखून धरला? बूट काढून राहिली का बॉम्ब?"

येनामध्ये ट्रामच्या शेवटच्या टोकाला, दहा मजली सरकारी इमारतींच्या वस्तीत, अस्सल नागपुरी! मी इतकी दचकले की श्वास आपोआप सुटला. रेत्सेप्टवर, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर, त्यांनी माझं नाव आधीच वाचलं होतं. "तायडे म्हणजे अकोल्याकडची ना? ये आत."

पंचेचाळिशीच्या, बुटक्या, भक्कम बांध्याच्या. केस आखूड कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. चालणं इतकं भरभर की बोळात समोरून येणारे जर्मन म्हातारे भिंतीला लागून उभे राहायचे.

माझ्याजवळ पिशवी होती. तीत एमआरआयच्या दोन सीडी, पाच डॉक्टरांचे अहवाल, गोळ्यांची यादी, आणि मी स्वतः तयार केलेला तक्ता: कुठल्या तारखेला किती दुखलं, शून्य ते दहा. मी इंजिनिअर आहे, आकड्यांवर माझा जीव. ताईंनी अहवाल शांतपणे वाचले, दोन-चार प्रश्न विचारले, पायांची ताकद बघितली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली. मग सगळे कागद नीट रचून पिशवीत परत घातले.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "अशा पाठीचे फोटो घेऊन कितीतरी लोक डोंगर चढून राहिले इथे. तक्ता मात्र बंद कर."

"पण मग दुखणं कमी-जास्त झालेलं कळणार कसं?"

"तेच तर. दिवसभर तू त्याच्याकडेच पाहून राहिलीस. काल काय काय केलंस ते सांग."

मी सांगितलं: काही नाही. हे उत्तर देताना मला थोडा अभिमानही वाटला होता, हे आता कबूल करते. गेली साडेतीन वर्षं पाठ दुखत होती. घर बदलताना पुस्तकांचं खोकं तिसऱ्या मजल्यावर नेलं तेव्हापासून. आधी मी काम तसंच रेटलं, मग अधूनमधून रजा, आणि आता सलग पाच महिने आजारपणाच्या रजेवर. घरी मी हातही हलवत नव्हते. मिलिंद सकाळी डबे करून, भांडी घासून, माझ्या पाठीमागे तीन उशा रचून ऑफिसला जायचा. "तू उठू नकोस, मी आहे ना," हे त्याचं वाक्य दिवसातून दहादा तरी व्हायचं. माणूस सोन्यासारखा. पण त्या सोन्याखाली मी चेपत चालले होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

वीस मिनिटं संपली. जर्मनीत फिजिओथेरपीची वेळ म्हणजे वीस मिनिटं, एकविसाव्याला पुढचा पेशंट बोळात बूट काढत असतो. ताईंनी मला खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला लावली आणि घरी पाठवलं. मालिश नाही, शेक नाही, काही नाही. घरी आल्यावर मी मिलिंदवर भडकले. "एवढ्या लांब गेले आणि बाईंनी पाठीला साधा हात नाही लावला!" मिलिंद म्हणाला, दुसरी प्राक्सिस बघू. बघितलीही. टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, सात आठवड्यांनंतरची मिळत होती, म्हणून नाइलाजानं मी पुन्हा त्यांच्याकडेच गेले. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच, दुसरीकडे जागा नसल्यामुळे झाल्यात.

दुसऱ्या वेळी मी तोंड फुगवून बसले होते. ताईंना ते कळलं. "मालिश करून देते की," त्या म्हणाल्या. "दोन तास बरं वाटेल. मग पुन्हा येशील, पुन्हा करून देईन. पाच वर्षं आपलं मजेत चालेल. तसं पाहिजे का?"

मग त्यांनी मला कुत्र्याची गोष्ट सांगितली. नागपुरात त्यांच्या शेजारी एक कुत्रा होता. एकदा त्या घरात चोर शिरला, तेव्हापासून तो येईल त्याच्यावर भुंकायचा, रोज येणाऱ्या पोस्टमनवरसुद्धा. "चोर गेला. कुत्रा खोटं भुंकत नाही, त्याला खरंच भीती वाटते. त्याला मारून काही होत नाही आणि पोस्टमनला बंद करून पण काही होत नाही. पोस्टमननं रोज यायचं. थोडा वेळ. त्याच वेळी. हळूहळू कुत्र्याला ओळख पटते." तुझी पाठ बरी झालेली आहे, त्या म्हणाल्या, नसांना अजून ते माहीत नाही. "दुखतंय म्हणजे मोडतंय असं नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुढे इतक्यांदा ऐकलं की जर्मनमध्येही पाठ झालं. पलीकडच्या पडद्याआड कुणी म्हातारे आजोबा असले की तेच वाक्य जर्मनमध्ये, त्याच चालीत ऐकू यायचं.

त्यांची पद्धत साधी होती आणि म्हणूनच छळणारी होती. काय करायचं आणि किती वेळ, हे आदल्या दिवशी ठरवायचं. त्या दिवशी पाठ काय म्हणते याला किंमत नाही. मी आठवडाभर मोजून चार मिनिटं ताठ बसले, सहा मिनिटं चालले, एक भांडं घासलं. एक! त्या म्हणायच्या, "ठरलं तेवढंच. कमी नाही, जास्त पण नाही." दर आठवड्याला त्यात थोडी भर. मिलिंदलाही एकदा बोलावून घेतलं आणि बाकावर बसवून सांगितलं, "तुझ्या बायकोचे बूट तिला घालू दे." तो बिचारा हिरमुसला. त्याला वाटलं, आपल्यावर ठपका आला. "ठपका नाही रे बाबा. तू एवढं केलं म्हणून ती इथवर आली. आता थोडं कमी कर, प्रेम तेवढंच ठेव."

स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. नागपुरात फिजिओथेरपीची पदवी घेऊन नवऱ्याबरोबर आल्या, आणि इथे ती पदवी मान्य होईपर्यंत दोन वर्षं वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम केलं. मी चुकचुकले तर म्हणाल्या, "त्यात काय! दोन वर्षं म्हाताऱ्यांना अंघोळ घातली. माणूस दुखऱ्या अंगानं कसा जगतो हे कॉलेजात कोणी दाखवलं नव्हतं, तिथे दिसलं." त्यानंतरच त्यांनी जुनाट दुखण्याचं वेगळं शिक्षण घेतलं. तेही जर्मनमध्ये, नोकरी करून, शनिवार-रविवारी.

एप्रिलपर्यंत मी अर्धा तास बसू शकत होते, स्वयंपाक करत होते, ट्रामनं एकटी फिरत होते. दुखणं होतंच. पण माझ्या दिवसात त्याच्याशिवाय इतरही गोष्टी होत्या. डॉक्टरनं कामावर परतायची परवानगी दिली. इथे लांबच्या आजारपणानंतर माणसाला एकदम आठ तासांवर लोटत नाहीत. आधी दोन आठवडे रोज दोन तास, मग चार, मग सहा. या पद्धतीचं जर्मन नाव इतकं लांबलचक आहे की ते म्हणता म्हणता पाठ अवघडते.

माझं काम म्हणजे सूक्ष्मदर्शकांची भिंगं धातूच्या नळीत एकावर एक बसवायची आणि बरोबर मध्यावर आणायची. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतराचा तो खेळ. तो मला मनापासून आवडतो, आणि मी त्यात चांगली आहे. रजेच्या काळात माझ्या टेबलावर दुसऱ्याला बसवलं होतं. मला परत घेतील की कागदपत्रांच्या विभागात कायमचं पाठवतील, हे या परतण्यावर ठरणार होतं. तसं विभागप्रमुख हेर फोग्ट, म्हणजे फोग्टसाहेब, मला स्पष्टच म्हणाले होते. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण मला झोप नव्हती.

पहिले दोन दिवस मी दोन तासांनी उठले. तिसऱ्या दिवशी पाठ चक्क गप्प होती. समोर एक जोडणी अडलेली, सगळे डोकं लावून बसलेले, आणि मला चूक कुठे आहे ते दिसत होतं. दोन तास झाले तरी मी उठले नाही. हेर फोग्टनी दारातून विचारलं, ठीक आहे ना? मी म्हटलं, "आलेस गूट!" सगळं छान. साडेपाच तासांनी जोडणी लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. चौथ्या दिवशी सकाळी मला कुशीवर वळता येईना.

चार दिवसांनी मिलिंदनं मला ताईंकडे नेलं. बूट त्यानंच काढले. मी सगळं सांगितलं. ताई चिडल्या. तेवढ्या महिन्यांत मी त्यांना चिडलेलं तेव्हा एकदाच बघितलं.

"वाईट दिवशी कोणी पण थांबतं. बऱ्या दिवशी थांबायचं होतं! ठरलं होतं ना आपलं? कोणाला दाखवत होतीस?"

मी रडत सांगितलं. बाबा वीज मंडळात लाइनमन होते. वस्तीतून इंजिनिअर झालेली मी पहिली मुलगी. कॉलेजला पुण्याला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर ते म्हणाले होते, "आपल्याकडं कोणी बोट दाखवलं नाही पाहिजे. दुसऱ्यानं एक काम केलं तं आपण दोन करायचे." कॉलेजात कुणी माझे मार्क विचारायचं, कुणी प्रवेश कसा मिळाला ते विचारायचं. मी दोन करत आले. येनाला येऊन नऊ वर्षं झाली तरी दोनच करत होते. मला दुखतं हे मी डॉक्टरांशिवाय एकाही जर्मन माणसाला तोंडानं सांगितलं नव्हतं. कामावर 'आजारी' एवढंच माहीत होतं. बाबांना तर काहीच नाही.

ताईंचा आवाज खाली आला. "माझे बाबा पण हेच म्हणत होते. आपल्या सगळ्यांचेच बाबा. त्यांचं खोटं नव्हतं गं, तिथे तसंच होतं. त्याच्या जोरावर आपण इथे पोचलो." त्यांनी चष्मा पुसला. "पण तुझी पाठ त्या हिशोबात बसत नाही. तिला एकच करू दे."

माझी खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. मी मध्येच आडवी झाल्यामुळे कंपनीच्या डॉक्टरला ताईंचा अहवाल हवा होता, आणि तो वाचून हेर फोग्ट निर्णय घेणार होते. मी ताईंना गळ घातली, लिहा की मी पूर्ण बरी आहे, चार दिवसांचा ताप होता म्हणा. त्यांनी ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरवर लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर मला मराठीत वाचून दाखवलं. रुग्णाला जुनाट पाठदुखी आहे. ती राहण्याची शक्यता आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त न थांबता, टप्प्याटप्प्यानं वाढवल्यास ती तिचं काम पूर्ण करू शकेल. वरखाली होणारं टेबल मिळाल्यास उत्तम.

"ताई, हे वाचून ते मला काढतील तिथून."

"काढू शकतात," त्या म्हणाल्या. "पण मी 'बरी आहे' असं लिहिलं, तर पहिल्या वाईट दिवशी तू खोटी ठरशील. मग खरंच काढतील. आणि हे टपालानं जाणार नाही. तू स्वतः नेऊन द्यायचं, समोर बसून."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला. इतका की जाताना मी नीट निरोपही घेतला नाही.

हेर फोग्टच्या खोलीत मी बसले आणि त्यांनी तो कागद दोनदा वाचला. कंपनीच्या डॉक्टरीणबाई शेजारी. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "श्टिम्ट दास?" हे खरं आहे का? माझ्या जिभेवर 'आलेस गूट' तयार होतं. पाठ दुखतच होती. मला जाणवलं की मी श्वास रोखून धरलाय. तो सोडला आणि म्हटलं, "श्टिम्ट. खरं आहे. रोज दुखतं. आणि मला माझं टेबल परत हवंय."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग हेर फोग्ट म्हणाले, "त्या दिवशी दारात मी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलं? मला वाटलं, तुम्हाला घड्याळ कळत नाही." वरखाली होणारं एक टेबल तळघरात पडून होतं, ते वर आणायचं ठरलं. मी पुन्हा पहिल्यापासून, दोन तासांपासून सुरुवात करायची आणि दोन तासांनंतर खोलीत दिसले तर ते स्वतः मला बाहेर काढणार. त्यांनी दोनदा काढलंही. ऑगस्टमध्ये मी आठ तासांवर आले. माझ्या टेबलावर, माझ्या भिंगांशी.

शेवटच्या रेत्सेप्टवर सहा वेळा जायचं होतं. प्रत्येक वेळी चिठ्ठीमागे पेशंटची सही घेतात. पाच सह्या झाल्यावर ताईंनी कागद बाजूला ठेवला.

"सहाव्याला येऊ नको. तुला आता माझं काम नाही."

"पण दुखतंय अजून," मी म्हटलं. एखाद्या पोरीसारखं.

"दुखणारच. मी पण ऑक्टोबरपासून बर्लिनला चालले, तिथे दुखण्याच्या क्लिनिकमध्ये काम मिळालंय. शेवटचा गृहपाठ लिहून घे." मी सवयीनं वही काढली. "बाबांना फोन करायचा आणि तुला काय होतं ते सांगायचं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "माझे बाबा गेले तेव्हा मी इथे. त्यांच्या उशाखाली वेदनाशामक मलमाच्या ट्यूबा सापडल्या, पिळून पिळून संपवलेल्या. मोठी झाली मी फिजिओ! बाबांचं नेमकं काय दुखत होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही." एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं, वीस मिनिटं झाली होती, आणि त्या पुढच्या पेशंटला बघायला बोळाच्या दिशेनं गेल्या.

बाकीचा सगळा गृहपाठ मी वेळेवर केला होता. हा तीन महिने टाळला. ताई बर्लिनला गेल्या, प्राक्सिसमध्ये दुसरी मुलगी आली. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी, पाठ ठणकत असताना, मी बाबांना फोन लावला. तब्येतीचं विचारलं की ते नेहमी म्हणतात तसं "ठणठणीत" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, मी नाही. मला पाठीचा त्रास आहे. चार वर्षं उलटून गेली."

"अन् नोकरी?"

"आहे. साहेबाला सांगितलंय."

"सायेबाले सांगतलं तू? मंग काय म्हणे तो?"

"टेबल बदलून दिलं."

"मलेबी कंबरीचं आहे," ते म्हणाले. "तू सातवीत होती, तवापासून."

"कधी बोलला नाहीत तुम्ही."

"कोणाले सांगतो माय? खांबावर चढणारा माणूस. कंबर धरून उभा रायलो असतो तं खाली उतरवला असता."

मी म्हटलं, मला सांगा. ते म्हणाले, कुठून सांगू? मी म्हटलं, सुरुवातीपासून. आणि माझे बाबा, जे फोनवर दोन मिनिटांच्या वर कधी बोलत नाहीत, ते पाऊण तास बोलले. कुठला खांब, कुठलं गाव, कुठल्या हिवाळ्यात पहिली कळ आली, कुठल्या दिवशी पायातली चप्पल वाकून उचलता आली नाही म्हणून अनवाणी घरी आले आणि आईला चप्पल हरवली म्हणून सांगितलं. मी ऐकत होते आणि रडत होते, आणि मध्येमध्ये विचारत होते, मग?

शेवटी त्यांनी विचारलं, हे सांगायला तुला कोणी सांगितलं. मी ज्योत्स्नाताईंबद्दल सांगितलं.

"त्या बाईले माझा जय भीम सांगजो," बाबा म्हणाले. "अन् विचारजो तिले, या वयात काही होते का म्हणून."